दाजीबाचा शड्डू

दाजीबा तापानं गेला, ही खबर वलगावहून आली तेव्हा मी अमरावतीच्या कापूसबाजारात होतो. "वऱ्हाडाचा वाघ गेला," एक अडत्या हळहळला. मला हसू आलं. दाजीबा माझा सख्खा चुलतभाऊ; पण महिना झाला तरी डोळ्यांत पाणी आलेलं नाही.

परमुलखातल्या लढाईनं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत दाजीबा पोसला. शेजारी बैलांच्या शिंगांना चांदी मढवत होते, हा स्वतःला तूप-बदामानं मढवत होता. रोज पहाटे अंगणात मांडीवर शड्डू ठोकी, तो घरभर ऐकू येई. कापसाचा गठ्ठा एकट्यानं पाठीवर घेई आणि मग बाजारभर बघत फिरे, कोणी पाहिलं का... "ताकद म्हणजे दाजीबा," असं लोक म्हणत. लोकांना काय, ताकद म्हशीलाही असते.

मग गावात पटकी आली. काकूला, म्हणजे त्याच्या आईला, सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि दुपारी वाघानं गाडी जुंपली.

"मायले सोडून कुठी चालले?" त्याच्या बायकोनं, यमुनावहिनीनं, बैलाची वेसण धरून विचारलं.

"मी जगलो त घर जगन," तो म्हणाला.

अकोल्याच्या जुन्या शहरात, त्याच्या मामाकडे, आम्ही तीन आठवडे लपलो. आम्ही म्हणतो, कारण त्या गाडीत मीही होतो. तिथं तो रोज जोर काढी, आणि गल्लीत कोणी नुसतं खोकलं तरी दार लावून घेई.

मागे काय झालं ते शेजारणीनं सांगितलं. वाळक्या काडीसारखी वहिनी; काकूला उचलून फिरवी, घाण काढी, विहिरीचं पाणी शेंदी. शेवटी काकूला दिसेनासं झालं. "दाजी कुठी हाय व?" एवढंच ती विचारे.

"अंगनात हायेत, आत्याबाई. आयका." वहिनी बाहेर गेली, लुगडं खोचलं आणि स्वतःच्या हडकुळ्या मांडीवर शड्डू ठोकला. एकदा, दोनदा... तळवा सुजेपर्यंत. त्या आवाजावर काकूनं निवांत जीव सोडला.

परतल्यावर दाजीबानं विचारलं, "मायनं माहं नाव घेतलं का?"

"घेतलं. तुमी घरीच होते," वहिनी म्हणाली. त्यातलं काहीच त्याला बोचलं नाही. त्यानं दूध मागितलं.

परवा तालमीतली मंडळी त्याची उचलायची दगडी नाल न्यायला आली; मारुतीपुढे ठेवून पुजणार होती. "न्या," वहिनी म्हणाली, "त्या कोपऱ्यात झाडताच येत नाई." चौघांनी हात घातले, त्यात एक मी. नाल वीतभर वर आली. सगळ्यांत आधी माझा हात सुटला आणि नाल पुन्हा कोपऱ्यातच बसली. वहिनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, झाडू घेतला आणि नालेच्या भोवतीनं झाडायला लागली.