काशिराम नाखव्याची एकच खुर्ची

काशिराम नाखव्याच्या गाण्याच्या खोलीत खुर्ची एकच होती. पनवेलला वडाळे तलावाजवळ त्याचा फ्लॅट. त्यातली मागची खोली खरं तर पाहुण्यांची. पण कळंबोलीचं पत्रे कापायचं वर्कशॉप प्रितेशने, म्हणजे मुलाने, हाती घेतलं आणि बापाने त्या खोलीतला पलंग बाहेर काढला. खिडकीला जाड पडदे आले, आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर बायकोच्या, मैनेच्या, माहेरची गोधडी चढली आणि समोर छातीएवढे उंच दोन विलायती स्पीकर उभे राहिले. जन्मभर लोखंडाचा दणदणाट ऐकलेल्या माणसाला उतारवयात सूर ऐकायचे होते, यात वावगं काहीच नव्हतं. मात्र हौसेला मोल नसतं म्हणतात, काशिरामच्या हौसेला अंतही नव्हता.

दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा त्रिकोण नेमका जमला की एक जादू होते. गाणाऱ्या बाईचा आवाज डब्यांतून येतच नाही. दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती जणू बैठक मारून गाते. हा त्रिकोण काशिरामने पुस्तक वाचून नव्हता जमवला. त्याचा बाप करंजाचा मच्छीमार. भर समुद्रात जाळं टाकायची जागा तो किनाऱ्याकडे बघून ठरवी. देवळाचा कळस डोंगराच्या अमक्या सुळक्याखाली आला, की इथंच थांबायचं. काशिरामनेही तेच केलं. खुर्चीत बसून स्पीकरची आतली कड मागच्या खिडकीच्या गजाशी जुळवली, दुसऱ्या बाजूला गोधडीच्या काठाशी, आणि फरशीवर खडूने खुणा केल्या. दोन वर्षं ती बाई मधोमध बसून गायली.

मग ती उजवीकडे सरकायला लागली. आधी जराशी, मग चांगलीच. काशिरामने डावा स्पीकर पुढे ओढला, त्याचं तोंड आत वळवलं. आठवडाभर बरं वाटे, पुन्हा बाई उजवीकडे. पडदा बदलून झाला, वायर बदलून झाली. दुकानातला मेकॅनिक येऊन सगळं तपासून गेला आणि काही बिघाड नाही म्हणाला, तर काशिरामने त्याला कानच नाहीत असं जाहीर केलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

पण आतून तो घाबरला होता. खोलीतलं गाणं गेलं तर घरात दुसरं होतं काय? प्रितेश दिवसभर वर्कशॉपवर. आणि मैना हल्ली बोलेनाशी झाली होती. करंजाच्या बाजारात मासळीचा लिलाव गाजवणारी ही बाई, पण टीव्हीवरच्या बातम्या चालू असताना त्याच्या डावीकडे बसून मुकाट जेवायची. वर्षापूर्वी तिची धाकटी बहीण जनी वारल्यापासून तर फारच. बायका वयाबरोबर अबोल होत असतील, असं त्याने ठरवून टाकलं. कारण विचारायचं राहिलं, आणि तिच्या माहेरची गोधडी भिंतीला ठोकण्यापेक्षा याचा मला जास्त राग येतो.

एका रविवारी दुपारी मैना दारात येऊन उभी राहिली. "कवाचा सांगतंय, जेवाला चला."

काशिराम टेकीला आला होता. "एक मिनिट इथं बस," तो म्हणाला. त्या खुर्चीत त्याच्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. मैना अवघडून टेकली. त्याने रेकॉर्ड लावली. "बाई कुठं गाते, दाखव."

मैनेने डावीकडे बोट केलं. "ती काय, कपाटाजवल."

"कपाटाजवळ? अगं ती उजवीकडे आहे."

"मना इचारलाव ना? मंग मी सांगतंय त्या ऐका."

काशिरामने तिला उठवलं नाही. डावा स्पीकर पुन्हा खडूच्या खुणेवर नेला, तिच्या डोक्यामागून बघत गज आणि कड जुळवली. "आता?"

"आता समोर हाय," मैना म्हणाली. "झ्याक गातंय."

मग तो स्वतः बसला. बाई उजवीकडे. त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसला. दोष स्पीकरचा असता, तर आता आवाज डावीकडे यायला हवा होता. तो उजव्या कानापाशीच राहिला. बाप म्हणायचा, खूण हलत नाय पोरा, होडी हलते. काशिरामने उजव्या कानात बोट घातलं. खोलीत गाणं जवळजवळ उरलंच नाही.

मैनेला काही कळेना. तिने रेकॉर्ड बंद केली आणि समोर येऊन उभी राहिली.

"माझा डावा कान गेलाय," तो म्हणाला. ती काही बोलणार तोच त्याच्या मनात दुसरंच उभं राहिलं. ताट, टीव्ही, डावी बाजू. "मैने, जेवताना तू माझ्याशी बोलायचीस?"

"रोज."

"काय बोलायचीस?"

"आता त्या काय सांगू." ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "जनीला दवाखान्यात ठेवलेली, तवा बोललू, मना करंजाला घेऊन चला. तुमी कायच बोललाव नाय. खाली मान घालून जेवत व्हताव."

काशिरामला त्यातला एक शब्द आठवेना. आठवणार कसा? "पुन्हा का नाही विचारलंस?"

"तुमी गप ऱ्हायलाव मंजे नाय, असा मना वाटला. नाय बोलल्यावर परत कशाला इचारू?" तिचा आवाज तिखट नव्हता, त्यामुळे त्याला जास्त लागलं. "मंग ती गेलीच. आपुन गेलू तवा तोंड झाकलेला व्हता."

सगळं वर्ष या बाईने आपला नवरा दगड आहे असं मानून त्याला गरम भाकरी वाढली होती. काशिरामच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. तो उठला, मैनेला खुर्चीत बसवलं आणि तिच्याजवळ फरशीवर बसला, उजवा कान तिच्याकडे करून.

"जनीबद्दल बोल," तो म्हणाला.

"ज्यावन थंड व्हतंय."

"होऊ दे."

मग जनीला पहिल्यांदा ताप आला त्या दिवसापासून तिने सुरुवात केली.