एका सुताचा फरक

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण ज्यात ना हत्यार होतं ना भांडण, आणि तरी माणूस मेला, असा गुन्हा माझ्या वाट्याला तो एकच आला.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीचा भाग माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती, तेवढ्यात फोन आला. वसाहतीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, एक कामगार बेशुद्ध सापडला होता. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

मयत कोडोलीचा. तिशीतला, धडधाकट. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. शवविच्छेदनात कारण निघालं, विषारी वायू श्वासात गेल्याने मृत्यू. कारखान्यात मागच्या बंद खोलीत एक गॅस प्लँट होता. उसाची चिपाडं आणि लाकडाचे तुकडे कमी हवेत जाळून त्यातून जळणाचा गॅस काढायचा, आणि त्या गॅसवर ओतकामाचे साचे वाळवायचे, असं ते काम. प्लँटवर ॲल्युमिनियमची ओतीव पाटी होती. पाटीवर कोल्हापुरातल्याच एका इंजिनिअरचं नाव आणि त्याच्या पेटंटचा नंबर.

कारखान्याचा मालक त्या पाटीकडे बोट दाखवून मोकळा झाला. "प्लँट त्यानं दिला, त्यानंच बसवला. आमचा माणूस गेला साहेब, आम्ही काय करणार?" तो रडतही होता. रडणाऱ्या मालकावर विश्वास ठेवायचा नाही असं मी म्हणत नाही, पण रडताना जो घड्याळाकडे बघतो त्याच्याकडे मी लक्ष ठेवतो.

संध्याकाळपर्यंत कोडोलीची माणसं ठाण्यासमोर जमली. इंजिनिअरला अटक झाल्याशिवाय प्रेत हलवणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. वरून दोन फोन येऊन गेले. कारवाई काय केली, अशी विचारणा झाली. मयताची बायको बाजूला बसली होती. मी तिला म्हणालो, "ताई, इंजिनिअरला आत टाकलं तर तुमचे लोक उठतील. काय करू?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ज्यानं केलंया त्येलाच धरा. दुसऱ्या कुणाला धरून मला काय करायचं हाय?"

मग तीच उठली आणि आपल्या माणसांना घेऊन गेली. मी त्याच वेळी ठरवलं, की वरून कितीही फोन येवोत, पुरता पुरावा हातात आल्याशिवाय या प्रकरणात कुणाच्याही हातात बेडी पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी निनावी फोन आला. "इंजिनिअर बेळगावला पळायच्या बेतात हाय. आत्ता घरात सापडंल, बघा." मी लगेच गाडी काढली. जो स्वतःचं नाव सांगत नाही आणि दुसऱ्याचा पत्ता अचूक सांगतो, त्याच्या बातमीत मला बातमीपेक्षा घाईच जास्त दिसते. घरी इंजिनिअर अंगणात पंपाचे भाग पसरून पुसत बसला होता. आई त्याला जेवायला बोलवत होती आणि तो ऐकत नव्हता. पळणारा माणूस असा बसत नाही.

पन्नाशीचा, सीमाभागातला, आईशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत बोलणारा. चांगली नोकरी सोडून त्याने अनेक वर्षं या गॅसमागे घालवली होती. दोन पद्धतींचं पेटंट त्याच्या नावावर होतं. एक गॅस तयार करण्याची, दुसरी तो स्वच्छ करण्याची. चिपाडाच्या गॅसला डांबरासारखा उग्र वास असतो. याने तो इतका धुऊन काढला होता की वास नावालाही उरत नसे. कारखानदार त्यावरच खूश होते. पण त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, जीव घेणारा. वासच गेला, तर तो गळतोय हे कळायचं कसं? म्हणून त्याने नळीत एक ओतीव लोखंडी झडप बसवली होती. प्लँट थांबवला की ती नळी गच्च बंद करायची. तो कामगार ज्या बंद खोलीत सापडला, तिथल्या प्लँटची हीच झडप नीट बसली नव्हती.

"तो प्लँट माझा नाही," तो म्हणाला. "त्या मालकाने माझ्याकडून फक्त एक झडप आणि एक पाटी नेली होती, भागीदाराला दाखवतो म्हणून. आठवड्यात परत आणून दिली."

"पाटीवर तुमचं नाव आहे."

"मला ती पाटी बघू द्या."

पंचांसमोर मी मुद्देमालातली पाटी काढली आणि त्याच्या घरची पाटी तिच्यावर ठेवली. कडा जुळेनात. मुद्देमालातली पाटी लहान होती, आणि अक्षरं झिजलेल्या नाण्यासारखी बोथट. मग झडप मोजली. तीही त्याच्या झडपेपेक्षा सुमारे सूतभर लहान. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारखान्यांतलं नेहमीचं माप.

इंजिनिअर खुर्चीत मागे टेकला. "साहेब, तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून आम्ही आधी लाकडाचा नमुना थोडा मोठा करतो. त्याला पॅटर्न म्हणतात. त्यावरून साचा काढला की वस्तू मापात निघते. ज्याच्याकडे पॅटर्न नसतो तो तयार वस्तूच वाळूत दाबतो, तिचाच ठसा घेतो, आणि त्यात ओततो. मग निघणारी वस्तू लहान येते. माझ्याकडे पॅटर्न आहे. मी असं कशाला करीन?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पण संशयिताचं पटण्यासारखं बोलणं म्हणजे पुरावा नव्हे. तुरुंग पटण्यासारखं बोलणाऱ्यांनी भरलेले असतात. मी म्हणालो, "करून दाखवा." दुसऱ्या एका फाउंड्रीत पंच नेले. इंजिनिअरची झडप वाळूत दाबून ठसा घेतला, ओतली, थंड होईपर्यंत सगळे तिथंच उभे राहिलो. मापं घेतली. नवी झडप आणि मुद्देमालातली झडप तंतोतंत एका मापाच्या. पंचनामा लिहिताना माझ्या हवालदाराचा चेहरा एखाद्या कुस्तीचा निकाल लागल्यासारखा झाला होता.

नळी मात्र बाजारातून पूर्ण मापाची आणलेली होती. पूर्ण मापाच्या नळीत आकसलेली झडप बसवली होती, त्यामुळे प्लँट चालू असो की बंद, गॅस खोलीत झिरपत राही. त्या सूतभर फटीतून माणसाचा जीव गेला होता.

मालकाला बोलावलं. त्याने कानावर हात ठेवले. प्लँट इंजिनिअरनेच दिला, एवढंच तो घोकत राहिला. म्हणजे आता ओतणारा शोधणं आलं. माझा हवालदार शिवाजी पेठेतला. तो म्हणाला, "साहेब, मला एक संध्याकाळ द्या." तो साध्या कपड्यात तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसला, तालमीच्या फुटबॉल संघावरून वाद घातला, चहा पाजला, आणि परतताना एका मिस्त्रीचं नाव घेऊन आला. उद्यमनगरात त्याची छोटी फाउंड्री होती. नमुना दाखवा, हुबेहूब माल घ्या, अशी त्याची ख्याती. कोल्हापूरला या कसबाचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. इथल्या कारागिरांनी कुठली कुठली यंत्रं नुसती बघून उभी केली आहेत.

मिस्त्री साठीचा, कुस्तीने कान मोडलेला. समोर बसला आणि सरळ म्हणाला, "असली झडप म्या बघितलीबी न्हाय सायब."

मी आवाज चढवला नाही. कोल्हापुरात मोठ्या आवाजाला कुणी भीत नाही, तो इथला रोजचाच आहे. मी झडप हातात घेऊन नुसतीच फिरवत राहिलो. मग म्हणालो, "राहू द्या मिस्त्री. कुणा शिकाऊ माणसाचं काम दिसतंय. अंगभर भोकं आहेत."

"कुठं हायती भोकं? दावा की." त्याने झडप माझ्या हातातून जवळजवळ ओढून घेतली, उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला. भोक एकही नव्हतं. ते त्याला माझ्याआधी माहीत होतं. झडप त्याने हळूच टेबलावर ठेवली आणि खाली बघत बसला.

"माणूस मेलाय मिस्त्री," मी म्हणालो. "या झडपेतून गॅस गळला."

"गॅस?" त्याने मान वर केली. "गॅसची न्हवं सायब. पाण्याच्या लायनीला पायजे म्हणालता मालक. घाई हाय, नमुन्यावरनंच साचा काढा म्हणाला. पाण्याला सूतभर कमी चालतंय की. काथ्या कोंबला की गळायचं थांबतंय. गॅसची म्हणाला असता तर लाकडाचा पॅटर्न केल्याबिगार हात लावला नसता म्या."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हाताऱ्याचा मला राग आला होता, तो तिथं ओसरला. ज्या माणसावर तो जायला हवा होता, त्याच्यावर आता नीट जाऊन बसला.

"पाटीबी म्याच ओतली," तो म्हणाला. आणि झडपेकडे बोट करून, "सायब, झडपा दोन नेल्यात त्यानं."

त्या वाक्यानंतर खोलीतलं सगळं बदललं. आतापर्यंत मी झालेल्या मृत्यूचा तपास करत होतो. आता होऊ घातलेला मृत्यू कुठंतरी बसवून ठेवलेला होता.

मालकाला पुन्हा आणलं. दुसरी झडप भंगारात टाकली, म्हणाला. मी त्याला एवढंच सांगितलं, "पहिल्या वेळी माहीत नव्हतं असं तुम्ही कोर्टात म्हणू शकाल. आज या खोलीत तुम्हाला माहीत झालंय. आता दुसरा कुणी मेला तर तुम्हाला काय म्हणता येईल, ते विचार करून सांगा."  मग तो बोलला. इंजिनिअरचा प्लँट बघून त्याने दोन प्लँट स्वतःच उभे केले होते, आणि दुसरा मेव्हण्याला विकला होता. नृसिंहवाडीच्या वाटेवर मेव्हण्याची पेढ्यांची भट्टी होती, आणि दत्त जयंती तोंडावर आली होती.

तिथल्या ठाण्याला वायरलेसने कळवलं आणि इंजिनिअरला गाडीत घेऊन आम्ही सुटलो. पोचलो तेव्हा मेव्हणा दारात तिथल्या ठाण्याच्या हवालदाराशी हुज्जत घालत होता. ऐन सणात भट्टी बंद कशी ठेवायची, असं त्याचं म्हणणं. आत कढया चढलेल्या, खिडक्या धूळ येऊ नये म्हणून बंद, आणि दहाबारा बाया-माणसं खवा घोटत बसलेली. इंजिनिअरने काही न विचारता दारं-खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं आणि बाहेरच्या बाजूने प्लँट बंद केला.

एक बाई भिंतीला टेकून ओकत होती. मी विचारलं, कधीपासून असं होतंय?

"आठ दिस झालं की," ती म्हणाली. "रोज दुपारी डोकं धरतंय. घरला गेलं की ऱ्हातंय. म्हटलं, पित्त झालं असंल."

सगळ्यांनाच पित्त झालं होतं. सगळ्यांनी आल्याचा रस घेतला होता. दवाखान्यात नेलं, सगळे वाचले.

मालकाला मी त्याच दिवशी अटक केली. तो निनावी फोनही त्यानेच करवल्याचं चौकशीत निघालं. पेटंट मोडणं हा दिवाणी मामला, तो पोलिसांचा नाही. पण खोटी पाटी लावून फसवणूक आणि हयगयीने मृत्यू, ही माझी कलमं होती, आणि ती मी शेवटपर्यंत सोडली नाहीत. खटला बरीच वर्षं चालला. मालकाच्या वकिलाने मिस्त्रीला उलटतपासणीत विचारलं, "झडप तुम्हीच ओतली, म्हणजे चूक तुमचीच ना?" मिस्त्री न्यायाधीशांकडे बघून म्हणाला, "व्हय. माझीबी हाय." स्वतःच्या अंगाशी येणारं इतकं सरळ उत्तर मी कोर्टात फार कमी वेळा ऐकलं. त्या उत्तरामुळे बाकीची सगळी साक्ष खरी मानली गेली आणि मालकाला शिक्षा झाली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? हाताला कसब असणं पुरेसं नाही. हे कशासाठी, हा प्रश्न विचारण्याइतकं धाडस त्या कसबात हवं. आणि पोलिसाला, नुसत्या पाटीवरचं नाव वाचून गुन्हेगार ठरवता येत नाही. हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो.

त्या निकालाने इंजिनिअरच्या नावावरचा डागही पुसला गेला. अभिनंदन करायला मी त्याच्याकडे गेलो, तर अंगणात उग्र घाण वास भरलेला. ज्याने गॅसमधला वास काढण्यात आयुष्य घातलं, तो आता स्वच्छ केलेल्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळत होता, स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळतात तसा. त्याच्या पेटंटाची सगळी शान ज्यात होती, तीच गोष्ट त्याने स्वतःच्या हाताने मोडीत काढली होती. एक कारखानदार नाकाला रुमाल लावून तक्रार करत होता, की आधीचा गॅस बरा होता, याची घाण सगळ्या खोलीत पसरते.

इंजिनिअर हात पुसत म्हणाला, "वास येतोय न्हवं? मग खिडकी उघडा की. मेलेल्या माणसाला ती उघडता आली नाही." कारखानदाराने नाकावरचा रुमाल काढून खिशात घातला. त्याने नवा प्लँट घेतला.