श्वास वीस

सकाळची ड्यूटी, मग आंघोळ, मग दोन घास. लतिका गायधने पंख्याखाली आडवी होते. पापण्या मिटतात, कान तेवढे जागे. पंखा फिरतो. फिरतो. शिलाई मशीनचं चाक फिरतं.

"या सिस्टरबाई. माप द्यायला आलात ना?"

दशरथ सोनटक्के, शिंपी. वॉर्डातली खाट अकरा. न्यूमोनिया. गुरुवारी गेले.

"बाबा, तुम्ही?"

"मग दुकान काय तुमच्या डॉक्टरांचं?"

दुकान त्यांचंच, पण हँगरला कपड्यांऐवजी वॉर्डातले तक्ते. त्यातला एक काढून ते चष्मा नाकावर घेतात.

ताप १०१
नाडी १०४
श्वास २०

"काखेत थर्मामीटर लावलात, खरं. नाडी धरलीत, खरं. हे वीस कुठनं आणलंत?"

वॉर्डात हे कुणी विचारत नाही. श्वास मोजायचा तर पुरतं एक मिनिट छातीकडे बघत उभं राहावं लागतं. चाळीस पेशंट, दोन सिस्टर. म्हणून खाट दहाला वीस, अकराला वीस, बाराला वीस. सगळा वॉर्ड एका मापानं श्वास घेतो. श्वास तिसाच्या वर गेला तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचं, हेही लतिकाला तोंडपाठ.

"अंदाजानं लिहिलं," ती म्हणते.

"अंदाजानं! मी अंदाजानं सदरा शिवला असता तर गावानं तोच माझ्या तोंडावर मारला असता."

"गर्दी होती, बाबा."

"दिवाळीत माझ्याकडे नसायची?"

कापायच्या टेबलावर हिरवी चादर. बाबा तिच्यावर निजलेले. खाट अकरा. उशाशी त्यांची लेक शकू. गुरुवारी विचारलं होतं तेच विचारते आहे: सिस्टर, बाबांना त्रास नाही ना झाला?

नाही गं. श्वास शेवटपर्यंत नीट होता.

शकू तिच्या पाया पडते. तेव्हाही पडली होती. लतिकाने पाय मागे घेतले नव्हते.

"आता मोजा," बाबा म्हणतात.

ती मनगट धरते. पेशंटला कळलं की श्वास बदलतो, म्हणून नाडीचं सोंग करायचं आणि नजर छातीवर ठेवायची.

"सोंग नको. उघड मोजा."

एक.
दोन.
तीन, चार.
बरगड्यांमध्ये खळगे पडताहेत. नाकपुड्या फुलताहेत.
एकोणीस, आणि काटा अजून अर्ध्यावर.
कुणालाही दिसलं असतं. दारातून दिसलं असतं.

"रडू नका, आकडा चुकेल."

एकतीस.

"बाबा, मला माफ…"

"माझं काय आता! मी गेलो. खोटं बोललात ते शकूशी."

सदतीस.
अडतीस.

पंखा. चार वाजलेले. उशी ओली.

झोपताना हात स्वच्छ होते. आता डाव्या तळहातावर निळ्या बॉलपेनानं, तिच्याच वळणाचा आकडा: ३८.

ती फोन लावते.

"सिस्टर? अगंबाई! बोला ना, जेवलात का?" शकूच्या आवाजात इतकी माया, की फोन ठेवून द्यावा.

लतिका मूठ मिटते. उघडते.

"शकू, बाबांचा श्वास मी मोजलाच नव्हता."