लोखंडाला जोडलेला बूट

"बूट काढ," वहिनीसाहेब म्हणाल्या. "सगळ्यांनी काढलेत."

मी दारात उभी होते. आमच्या कॉलेजची सहल साखर कारखान्याच्या पहिल्या चेअरमनच्या बंगल्यावर आली होती. चेअरमन वारले होते. त्यांच्या सूनबाई, म्हणजे वहिनीसाहेब, लोकांना घर दाखवत. मुंबईच्या आर्किटेक्टनं बांधलेलं, सपाट छताचं, काचेच्या भिंतींचं घर. सर वर्गात म्हणाले होते, या घराला पायरी नाही, उंबरठा नाही. अंगणातली फरशी तशीच आत जाते. म्हणून तर मी आले. पायऱ्या असत्या तर नावच दिलं नसतं.

माझा डावा पाय पोलिओचा. त्याला आधाराला मांडीपर्यंत कॅलिपर, बूट त्याच्याच लोखंडाला जोडलेला. कॅलिपर उतरवला की मला उभं राहता येत नाही. तसं सांगितलं.

"मग बसून सरक ना. फरशी गुळगुळीत आहे, लागायचं न्हाय."

मागं एक मुलगा हसला. सर हळूच म्हणाले, तेवढ्यापुरतं कर, सगळे खोळंबलेत.

मी बसले. खरंच बसले. लिहितानाही लाज वाटते.

दहा वर्षांची होईपर्यंत मी अशीच सरकायची. ईट गावाजवळ दुष्काळी कामावर आई खडी फोडायची, मी ढिगाभोवती सरकायची. सोलापूरच्या दवाखान्यात कॅलिपर घालून पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा आईला कळलं, पोरगी आपल्या खांद्याला आलीय.

कॅलिपरचा वरचा पट्टा सोडला. दुसऱ्याला हात घातला. तेवढ्यात बसल्या जागेवरून काचेपलीकडचे पाय दिसले. दोन माणसं हिंडत होती. पाहणी केल्यासारखी, सावकाश. पायांत काळे चामडी बूट.

"वहिनीसाहेब, त्यांच्या पायात बूट हायत."

"ते मुंबईचे पाहुणे आहेत."

"मी बी घर बघायलाच आले."

सरांनी घड्याळ बघितलं. मी पट्टा आवळला. काचेला धरून उठले.

"काचेला हात नको," त्या म्हणाल्या. "आणि बुटानं यायचं असेल तर बाहेरच थांब."

थांबले. सगळे बघून येईपर्यंत उभी थांबले.

सरांनी घरावर निबंध सांगितला. मी दारात घडलं ते लिहिलं. वही परत आली. खाली लाल शाईत शेरा: विषय सोडून लिहिले आहे, पुन्हा लिहा.

तीच पानं मी पुन्हा दिली. पुन्हा परत आली तर तिसऱ्यांदा देईन. एक शब्द खोडणार नाही. 'मी बसले' हे शब्दसुद्धा नाही.