रक्तवाहिनीला चिकटलेली कड

आईच्या फुफ्फुसातली गाठ बोराएवढी होती. चुलीच्या धुराने तिचा दम आधीच तोकडा झालेला, त्यामुळे छाती उघडायला कुणी तयार होईना. नाशिकच्या डॉक्टरांनी सुई घालून ती गाठ गोठवली. तीन महिन्यांनी स्कॅनमध्ये गाठीची एक कड जिवंत दिसली. नेमकी मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली.

“एवढीच कशी राहिली?” मी विचारलं. शाळेत विज्ञान शिकवते मी, पण हे मला कळेना.

“रक्त गरम असतं आणि सारखं वाहतं,” डॉक्टर म्हणाले. “आपण गोठवतो, ते ऊब देत राहतं. त्या बाजूला गाठ मरेल इतकी थंडी पोचलीच नाही.”

आईचा जन्म सायखेड्याच्या मळ्यात गेलेला. ती म्हणाली, “कडाक्याच्या थंडीत द्राक्षाची येल जळती, पण वाहत्या पाटाच्या कडंची वाचती. तसंच ना?”

“अगदी तसंच, मावशी. या वेळी त्या बाजूने आणखी दोन सुया घालू. गोठवायचं, वितळू द्यायचं, परत गोठवायचं. असं तीनदा.”

“आणि सुई रक्तवाहिनीला लागली तर?” मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “रक्तस्राव होऊ शकतो. मोठासुद्धा.”

संमतीच्या कागदावर मी सही केली. रिक्षात आई म्हणाली, “काही झालं तर मला मळ्यातच न्यायचं. इथं ठेवायचं नाय.” मी तिच्यावर इतकी ओरडले की रिक्षावाल्याने वळून पाहिलं. ते अजून मनाला लागून आहे.

सुया घालायच्या दिवशी सकाळी सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर मी लोखंडी बाकावर बसले होते. आई आत जागीच होती, फक्त सुयांची जागा बधिर केलेली. “श्वास धरा” असं ऐकू आलं की मीही धरायची, आणि “सोडा” म्हटलं तरी माझा सुटत नसे. दुसऱ्यांदा गोठवून झाल्यावर आतून तिचा खोकला ऐकू आला. थांबेचना. दार उघडून सिस्टर लगबगीने बाहेर आल्या. त्यांच्या हातातल्या ट्रेमधला कापूस लाल होता.

मी उठले, दाराशी गेले.

“वितळताना येतं थोडं रक्त,” त्या म्हणाल्या. “बसा तुम्ही.”

‘थोडं’ म्हणजे किती, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तासाभराने आईला बाहेर आणलं. ओठ पांढरे पडलेले. म्हणाली, “उरात बर्फाचा गोळा बसलाय. चहा मिळंल का?”

पुढच्या स्कॅनमध्ये ती कड मेलेली निघाली. नुसता व्रण उरलाय, असं डॉक्टर म्हणाले. त्याला वर्ष झालं. आई परत झेंडूच्या वाफ्यात वाकते. रोज फोन करते, आणि बोलता बोलता खोकली की मी गप्प होते, कान देऊन ऐकत राहते.

“ऐकती काय?” ती खेकसते. “बोल की!”