टँकरच्या रांगेत सापडलेले शब्द

आम्हा मेंढपाळांत घोंगडी विकत नाहीत, देतात. पैसे घेतातच हो, त्याशिवाय चूल कशी पेटणार? पण ‘विकली’ असं तोंडानं म्हणायचं नाही. घरच्या पूजेत तळी भरताना देवाखाली घोंगडी असते, मग तिला विकली कसं म्हणणार? माझी सासू भर आठवडी बाजारात घोंगडी पसरून बसायची आणि म्हणायची, “द्यायची हाय एक, कुणाला लागत असंल तर.” ही रीत मी जन्मभर पाळली. आणि या रीतीपायीच आमची वेबसाईट कितीतरी दिवस उपाशी बसली. नवी वेबसाईट काढणाऱ्यांसाठी ती हकिकत सांगते.

दुष्काळात आमची बरीचशी मेंढरं गेली. आम्ही नवरा-बायको लेकाच्या मागं शहरात आलो. लेक वाळूजला कंपनीत, घर हर्सूलच्या पलीकडं नव्या कॉलनीत. काल जिथं ज्वारी होती, तिथं आज प्लॉटचे दगड. माणसं गावोगावची, आणि नळ नुसते शोभेला.

धाकटे दीर मात्र सिल्लोडकडं गावातच राहिले, त्यांच्या खड्ड्यातल्या मागाजवळ. धाग्याला लावायच्या खळीसाठी चिंचोके भिजवायचे तर पाणी मोजून घ्यावं लागायचं, तरी विणत होते. लोकर मिळत होती, गिऱ्हाईक नव्हतं. बाजार ओस पडले होते. एक दिवस फोनवर म्हणाले, “वहिनी, दिवाळीपर्यंत बघतो. नाय जमलं तर खुंट्या उपसून माग जळणाला घालतो. वाळूजला वॉचमन घ्यायलेत म्हणं.”

मी म्हणलं, “भावजी, खुंटीला हात लावायचा नाय. गिऱ्हाईक मी आणते.”

बोलून तर बसले! आणायचं कुठून?

सून शिकलेली. तिनं वेबसाईट बनवली. मजकूर मी सांगितला: मायेची ऊब, कुळाची परंपरा, देवाचं अंथरूण. वाचून माझ्याच डोळ्यात पाणी आलं. महिनाभरानं मी विचारलं, “कोण कोण येऊन गेलं गं आपल्या पानावर?”

“तिघं जण, आई,” ती म्हणाली. “मी, तुम्ही, आन वाळूजहून तुमचे चिरंजीव.”

हसून झाल्यावर तिनं मला समजावलं. माणूस मोबाईलमध्ये शब्द टाकतो आणि ते शब्द ज्या पानावर असतील ती पानं त्याच्यापुढं येतात. “आता तुम्हीच सांगा, ‘मायेची ऊब’ असं टाकून घोंगडी कोण शोधंल?”

मला सासू आठवली. बाजारात ती आधी बोलायचीच नाही. गिऱ्हाईक पहिल्यांदा काय विचारतंय ते ऐकायची, मग त्याच्याच शब्दात उत्तर द्यायची. मी मात्र गिऱ्हाईक यायच्या आधीच कीर्तन लावलं होतं.

मग ऐकायला जायचं कुठं? जागा दारातच होती. टँकर आला की सगळी कॉलनी हंडे घेऊन उभी. मी रांगेत एकेकीला विचारायला लागले, “बाई, अंगाखाली टाकायला लोकरीचं काही पाहिजे असलं, तर मोबाईलमध्ये काय लिहशील?”

एक म्हणाली, “थंडीत खाली टाकायला जाड घोंगडी.” दुसरी म्हणाली, “घोंगडी नाही बाई, जपाला बसायला लोकरीचं आसन. फरशी गुडघ्यांना टोचते.” शेजारची भाभी तर खळखळून हसली. “खाला, लिखता कौन? मैं तो फोन में बोलती, भेड के ऊन का कंबल किधर मिलता?”

“आन मिळालं का?”

“हौ, मिल का कंबल मिला. भेड नई मिली!”

मागून एकजण ओरडली, “आजी, हंडा सरकवा! घोंगडीत पाणी भरता का?” मी हंडा सरकवला, पण विचारायचं सोडलं नाही. कुठल्याच बाईच्या तोंडून परंपरा आली नाही, कूळ आलं नाही. गुडघे आले, थंडी आली, फरशी आली.

घरी येऊन सुनेला सांगितलं. तिनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. शोधायच्या जागी नुसतं ‘घोंगडी’ लिहिलं की खाली आपोआप ओळी उतरतात. आधी लोकांनी जे विचारलं, त्यावरून मोबाईल ते सुचवतो. ‘घोंगडी म्हणजे काय’ अशी एक ओळ होती, ‘घोंगडी विकत कुठे मिळेल’ अशी दुसरी. पहिला माणूस नुसता चौकशीला आलेला, दुसरा पिशवी घेऊन आलेला. दोघांनाही बसवायचं, पण वेगवेगळ्या पानावर. आणि नुसतं ‘कंबल’ लिहून पाहिलं तर मोठमोठी दुकानं ओळीनं उभी! त्यांच्या दारात आपलं फडकं पसरलं तर कोण बघणार? ‘जपासाठी लोकरीचं आसन’ ही गल्ली बारकी, पण तिथं गर्दी नव्हती. आपण तिथं बसायचं.

सगळं ठरलं आणि सून हळूच म्हणाली, “आई, आपल्या अख्ख्या वेबसाईटवर ‘विकत’ हा शब्द एकदासुद्धा नाही.”

नसणारच. मी लिहूच दिला नव्हता.

भावजींना फोन लावला. ते भडकले. “देवाखालची वस्तू आन तिच्यावर ‘विकत’ लिवायचं? आईनं जन्मात म्हणलं नाय ते!”

“आईनं नाय म्हणलं. पण गिऱ्हाईक काय म्हणायचं? ‘केवढ्याला विकता, मावशी?’ त्याचं तोंड धरलं का कधी आईनं?”

“नाय धरलं,” ते म्हणाले. मग मी म्हणलं, “वर त्याचा प्रश्न त्याच्या शब्दात लिवते: ‘घोंगडी विकत कुठे मिळेल?’ खाली आपलं उत्तर आपल्या शब्दात: ‘आमच्याकडं हाय, आम्ही देतो.’ रीत मोडली का?”

भावजींनी ते घोकून पाहिलं, “वर त्याचं, खाली आपलं. व्हय, चालंल.”

आम्ही पानं नव्यानं लिहिली, एका पानाला एकच प्रश्न. लगेच काही झालं नाही, ते सांगून ठेवते. दसरा गेला. माझा जीव टांगणीला, तरी मी रांगेत विचारत राहिले आणि सून शब्द बदलत राहिली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा फोन वाजला. शहरातलीच कुणी बाई होती. “ताई, मोबाईलवर बघितलं. जपाला आसन पाहिजे. माझ्या जावेलाही एक. तुम्ही देता ना?”

“देतो की, बाई,” मी म्हणलं. “देतोच आम्ही.”

लगोलग भावजींना कळवलं.

“घोंगडी मागितली?”

“नाय, आसनं.”

“म्हंजी तुकडे?”

“तुकडे तर तुकडे. मागावर ताणा तर लावावाच लागंल ना?”

त्यांनी “व्हय” केलं. मग म्हणाले, “वहिनी, दोन खुंट्या मी कालच उपसल्या.”

“मग?”

“मग काय! फोन धरा जरा.” आणि पलीकडून खुंटी ठोकल्याचा आवाज यायला लागला.