अक्काची लाल अक्षरं

आमच्या लातूरच्या ऑफिसचं कुलूप कुणीही लावलं तरी अक्का ते परत ओढून बघायची. ज्यानं लावलं तो शेजारीच उभा असायचा, त्याचं तोंड उतरायचं. "तुझ्यावर भरवसा हाय रे, कुलपावर न्हाई," म्हणायची. मूळची उदगीरची, माझ्याहून वयानं आणि कामानं मोठी. सगळं ऑफिस तिला अक्काच म्हणायचं.

आम्ही कॉलेजांचे, वसतिगृहांचे ऑनलाइन अर्ज बनवायचो. कुणी नाव रिकामं सोडलं, ईमेल चुकवला, तर त्याला तिथंच थांबवावं लागतं. ही तपासणी ब्राउझरमध्ये आयती असते. अर्जाच्या कोडमध्ये एक शब्द लिहिला की रकाना रिकामा ठेवून पुढं जाता येत नाही. अक्का आधी ती बंद करायची आणि तपासणीचा स्वतःचा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहायला बसायची.

"ते इंग्रजीत बोलतंय. उमरीसारख्या गावच्या पोरीनं काय समजायचं?"

"अक्का, त्याच तपासणीत आपलं मराठी वाक्य घालता येतं."

"घाल की तू. मी माझं लिहून राहिले."

त्या स्क्रिप्टनं माझा जीव खाल्ला. गिऱ्हाइकानं एक नवा रकाना मागितला की मला तिच्या त्या जंगलात शिरावं लागे. इथं हात लावला की तिथं मोडायचं. त्यात भर म्हणजे चुकलेल्या रकान्याखाली उमटणारी तिची लाल अक्षरं: "मोबाइल नंबर दहा आकडी असतो. मोजून बघा." "इथं नाव विचारलंय, गाव नाही." मी एकदा चिडून विचारलं, "अक्का, हा अर्ज हाय का तुझी शाळा?" तिनं वरही बघितलं नाही.

मग नांदेडच्या एका मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज आला. तो भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी धर्माबादहून एका मुलीचा फोन आला. सकाळपासून बसली होती, अर्ज पुढं सरकत नव्हता. अक्कानं फोन माझ्या हातातून घेतला.

"काय दिसायलंय?"

"आडनाव पुरं लिहा, आळस करू नका, असं."

"मग लिही की पुरं."

"पुरंच हाय मॅडम. के. मार्कशीटवर एवढंच हाय." तिकडं तेलंगणाच्या सीमेवर तेलुगू घरांत घराण्याच्या नावाचं एकच अक्षर लावतात. मुलगी आता रडत होती. "तुमचं पान मला सकाळपासून आळशी म्हणून राहिलंय."

फोन खांद्यानं कानाशी धरून अक्कानं आडनावाचा तो नियम स्क्रिप्टमधून काढला. "आता भर बाई. मी हाय इथंच." अर्ज पोचल्याची पावती मुलीनं वाचून दाखवेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.

मला राहवलं नाही. "आयत्या तपासणीनं हिला अडवलं नसतं. एवढं तरी मान."

"नसतं अडवलं," अक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या अर्जांतली निम्मी स्क्रिप्ट गायब. रकाना रिकामा आहे का, ईमेल नीट आहे का, ते ब्राउझरच बघत होता. वाक्यं मात्र तिचीच, मराठी. आडनावाखाली लिहिलं होतं, "कागदावर आहे तसंच लिहा. एक अक्षर असलं तरी चालतं." मी हसलो तशी म्हणाली, "तुझं बरोबर होतं असं मी म्हनलेलं न्हाई."

पुढं नवऱ्याची बदली झाली आणि अक्का नांदेडला गेली. तिथं ती एका तंत्रनिकेतनात शिकवते. सुटलो, असं मला वाटलं होतं. पण आम्ही नवा अर्ज चालू केला की पहिल्याच दिवशी त्यात विचित्र नावं येऊन पडतात: कुणाला आडनावच नाही, कुणाचं नाव ओळभर लांब. ती सगळी मला खोडत बसावी लागतात. हे कुणाचं काम ते मी पहिल्यांदाच ओळखलं होतं; शेवटी परवा वैतागून तिला फोन केला.

"अक्का, हे आता तुझं काम न्हाई. कशाला भरतीस?"

"अडलेली पोर आता मला फोन कुठं करल?" ती म्हणाली. "म्हणून मीच आधी भरून बघते, कुठं अडतंय ते."